जिब्राल्टरमधून छोट्या शिडाने

अटलांटिक महासागर आणि भूमध्य समुद्र यांना जोडणारी जिब्राल्टरची सामुद्रधुनी नकाशावर पाहिली, तर ती पार करणे हे एका दिवसाचे किरकोळ काम वाटावे. तिची पूर्व-पश्चिम लांबी सुमारे ६० किलोमीटर असून अगदी अरुंद जागी स्पेन आणि मोरोक्को यांच्या किनाऱ्यांत जेमतेम १४ किलोमीटरचे अंतर उरते. दहा-बारा मीटर लांबीची शिडाची नौका, जिला यॉट म्हणतात, ती साधारण पाच नॉट वेगाने चालते. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, आणि सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. या हिशेबाने सकाळी जिब्राल्टरच्या धक्क्यावरून निघालेली नौका दुपार कलेपर्यंत अटलांटिकच्या तोंडाशी पोहोचायला हवी. प्रत्यक्षात मात्र जिब्राल्टर, ला लिनेया, सेउता किंवा बार्बाते येथील धक्क्यांवर अनुभवी नाविकसुद्धा दिवसेंदिवस नौका बांधून बसलेले दिसतात, कारण येथे वारा, पाण्याचा ओघ आणि व्यापारी जहाजांची रहदारी या तिन्ही गोष्टी आपापल्या वेळापत्रकाने चालतात आणि छोट्या नौकेच्या सोयीने त्यांपैकी एकही बदलत नाही. या सामुद्रधुनीतील सुरक्षितता सुकाणू धरणाऱ्याच्या हिमतीपेक्षा निघण्याच्या वेळेवर अधिक अवलंबून असते, आणि ती वेळ जमिनीवर बसूनच ठरवावी लागते.

येथील वाऱ्याचे कारण भूगोलात आहे. सामुद्रधुनीच्या उत्तरेला अंदालुसियाच्या डोंगररांगा आहेत आणि दक्षिणेला मोरोक्कोच्या रिफ पर्वताचे फाटे आहेत, त्यांतील जेबेल मूसा हे शिखर ८०० मीटरहून उंच आहे. या दोन भिंतींमधून हवेला वाट काढावी लागते आणि वाट जितकी अरुंद तितका हवेचा वेग वाढतो. म्हणून येथे वारे मुख्यतः दोनच दिशांचे असतात. पूर्वेकडून येणाऱ्या वाऱ्याला स्पॅनिश लोक लेव्हांते म्हणतात आणि पश्चिमेकडून येणाऱ्याला पोनिएंते. उत्तरेकडे हवेचा दाब जास्त आणि दक्षिणेकडे कमी असला की लेव्हांते सुटतो. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात आणि शरदाच्या सुरुवातीला तो विशेष जोर धरतो आणि एकदा सुटला की कित्येक दिवस थांबत नाही. त्याची खूण दुरून दिसते. जिब्राल्टरचा खडक ४२६ मीटर उंच असून त्याची पूर्वेची बाजू जवळजवळ सरळ कड्यासारखी आहे. समुद्रावरून आलेली दमट हवा त्या कड्यावर आदळून वर चढते, थंड होते आणि तिचा एक लांबट ढग होऊन तो शिखराला धरून पश्चिमेकडे पसरून राहतो. खाली शहरावर दिवसभर सावली असते आणि आजूबाजूला मात्र लख्ख ऊन. हा ढग दिसला की लेव्हांते आला असे समजावे. त्याच वेळी खडकाच्या आडोशाला असलेल्या उपसागरात वारा गरगर फिरत असतो, त्यामुळे बंदरातल्या वाऱ्यावरून बाहेरच्या वाऱ्याचा अंदाज बांधता येत नाही.

लेव्हांतेची खरी फसवणूक पुढे होते. हा वारा जिब्राल्टरजवळ मध्यम असतो आणि जसजशी सामुद्रधुनी अरुंद होत जाते तसतसा वाढत जाऊन तारिफापाशी त्याचा जोर कमाल होतो. तारिफा हे युरोपच्या मुख्य भूमीचे दक्षिण टोक. तेथील सततच्या वाऱ्यामुळेच ते गाव पतंगाच्या साहाय्याने लाटांवर घसरण्याच्या खेळाची पंढरी झाले आहे आणि भोवतालच्या टेकड्यांवर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. पश्चिमेकडे जाणारी नौका जिब्राल्टरहून निघते तेव्हा वारा पाठीमागून असतो, नौका सुखाने पळते, डेकवर ऊन असते आणि सगळे काही छान चालले आहे असे वाटते. दोन-तीन तासांत तोच वारा दुप्पट होतो आणि मग परत फिरायचे म्हटले तर त्याच वाऱ्याला तोंड देत मागे यावे लागते, जे छोट्या नौकेला बहुधा जमत नाही. वाऱ्याचा शिडावरील दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे १५ नॉटचा वारा ३० नॉटचा झाला की दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणून जाणते लोक तारिफाला किती वारा आहे हे पाहून शीड आखडतात आणि तेही बंदर सोडण्यापूर्वी. शीड आखडणे म्हणजे मोठे शीड थोडे खाली घेऊन त्याचा खालचा भाग बूमला, म्हणजे शिडाच्या तळाशी असलेल्या आडव्या दांड्याला, घट्ट बांधून टाकणे, जेणेकरून वाऱ्याला कमी कापड मिळेल. हे काम धक्क्याला बांधलेल्या नौकेवर दहा मिनिटांचे असते. उसळत्या लाटांत, ओल्या डेकवर, फडफडणाऱ्या शिडाशी झगडत करायचे झाले तर त्यात माणूस पाण्यात पडू शकतो.

पाठीमागून वारा असताना आणखी एक धोका असतो. लाटेने नौकेची पिछाडी जरा बाजूला सरकवली आणि वारा शिडाच्या मागच्या बाजूने शिरला, तर बूम क्षणार्धात एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरतो, आणि वाटेत कुणाचे डोके आले तर जीवावर बेतते. यासाठी बूमच्या टोकापासून पुढे नाळेपर्यंत, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकापर्यंत, एक दोर ताणून बांधतात. हा दोर आणि प्रत्येकाच्या कमरेपासून नौकेला अडकवलेला पट्टा, या दोन साध्या वस्तूंनी जितके प्राण वाचवले असतील तितके महागड्या यंत्रांनी क्वचितच वाचवले असतील.

वारा डोळ्यांना दिसतो, अंगाला लागतो. पाण्याच्या ओघाचे तसे नाही. जिब्राल्टरच्या पाण्यात दोन वेगळे ओघ एकमेकांवर चढलेले आहेत आणि ते वेगळे ओळखल्याशिवाय वेळेचा हिशेब जमत नाही. पहिला ओघ कायमचा आहे. भूमध्य समुद्र हा उष्ण, कोरड्या प्रदेशांनी वेढलेला असल्यामुळे पाऊस आणि नद्या यांतून त्याला जितके पाणी मिळते त्यापेक्षा जास्त पाणी बाष्प होऊन उडून जाते. ही तूट अटलांटिक भरून काढतो आणि म्हणून सामुद्रधुनीच्या पृष्ठभागावर पाणी सतत पूर्वेकडे वाहत असते. सेकंदाला सुमारे आठ लाख घनमीटर पाणी आत येते असे मोजमाप आहे. त्याच वेळी बाष्पीभवनाने अधिक खारट आणि म्हणून जड झालेले भूमध्य समुद्राचे पाणी तळाशी बसून, कामारिनाल नावाच्या सुमारे ३०० मीटर खोल उंबरठ्यावरून, उलट पश्चिमेला अटलांटिकमध्ये उतरत असते. वरचे पाणी आत आणि खालचे बाहेर, अशी ही दुमजली व्यवस्था आहे. हा दरवाजा बंद झाला तर काय होते याचा पुरावाही भूशास्त्रात आहे: सुमारे ६० लाख वर्षांपूर्वी अटलांटिकशी संबंध तुटल्यामुळे भूमध्य समुद्र मोठ्या प्रमाणावर आटला, तळाशी मिठाचे जाड थर साचले आणि सुमारे ५३ लाख वर्षांपूर्वी अटलांटिकचे पाणी पुन्हा आत घुसले तेव्हा तो भरला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या याच पृष्ठभागावरील ओघाचा फायदा घेऊन आत शिरत. आत गेलेल्यांपैकी जवळजवळ एकही पुन्हा अटलांटिकमध्ये परतली नाही, अर्थात त्याला ओघाइतकाच किंबहुना अधिक ब्रिटिशांचा पहारा कारणीभूत होता.

दुसरा ओघ भरती-ओहोटीचा. जिब्राल्टरला भरती-ओहोटीतील फरक उधाणाच्या दिवशीही एका मीटरच्या आत असतो, तर सामुद्रधुनीबाहेर अटलांटिकच्या काठावरील कादिझला तो तीन मीटरच्या घरात जातो. दोन टोकांच्या पातळीतील या तफावतीमुळे मधल्या चिंचोळ्या भागात पाणी एकदा पूर्वेला आणि एकदा पश्चिमेला ओढले जाते. सामुद्रधुनीच्या मध्यभागी, जिब्राल्टरला पूर्ण भरती झाल्यानंतर थोड्याच वेळात पूर्वेकडचा ओघ सुरू होतो आणि सुमारे सहा तासांनी तो पश्चिमेकडे वळतो; किनाऱ्यालगत मात्र हाच बदल दोन-तीन तास आधी घडतो. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, या ओघाचा वेग तीन नॉटपर्यंत पोहोचतो आणि भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, तो पुष्कळ कमी असतो. कोकण किनाऱ्यावरील मच्छीमार तिथीवरून जे गणित तोंडी करतात तेच येथे छापील कोष्टकावरून करायचे असते. फरक एवढाच की येथे त्या गणितात कायमच्या पूर्वाभिमुख ओघाचे एक-दोन नॉट मिळवावे किंवा वजा करावे लागतात. भरतीचा ओघ आणि कायमचा ओघ दोन्ही पूर्वेकडे असले की मध्यभागी पाणी चार-पाच नॉटने वाहते, आणि पाच नॉटने पश्चिमेकडे धडपडणारी नौका तासन्‌तास त्याच दीपगृहासमोर उभी राहते. भांगाच्या दिवसांत तर भरतीचा पश्चिमेकडचा ओढा इतका दुबळा असतो की मध्यभागी पृष्ठभागावरचे पाणी पूर्वेकडेच वाहत राहू शकते.

यावरून पूर्वेकडे जाणाऱ्याचे काम सोपे आणि पश्चिमेकडे जाणाऱ्याचे कठीण हे उघड होते. अटलांटिकमधून भूमध्य समुद्रात शिरणाऱ्याला पाणी मदत करते, पोनिएंते पाठीशी असला तर वाराही मदत करतो आणि नौका सात-आठ नॉटने आत ढकलली जाते. उलट दिशेने जाणाऱ्याला किनारा धरूनच जावे लागते, कारण किनाऱ्याजवळ कायमचा ओघ क्षीण असतो आणि भरतीचा अनुकूल ओघ लवकर सुरू होतो. म्हणून जिब्राल्टरहून पश्चिमेकडे निघणाऱ्यांनी तेथील पूर्ण भरतीनंतर दोन-तीन तासांनी निघावे असा प्रघात आहे. त्यामुळे किनाऱ्यालगतचा पश्चिमाभिमुख ओघ सुरू होत असतानाच नौका उपसागराबाहेर पडते आणि तो वळण्यापूर्वी तिला तारिफा ओलांडता येते. या हिशेबात अर्धा तास इकडे-तिकडे झाला तर चालते, तीन तासांची चूक मात्र महागात पडते.

ओघ आणि वारा एकमेकांविरुद्ध असतील तेव्हा लाटा आखूड, उभ्या आणि तुटक होतात. लाट पुढे सरकू पाहते आणि पाणी तिला मागे ओढते, त्यामुळे दोन लाटांतील अंतर कमी होते, उंची वाढते आणि माथा कोसळू लागतो. मोठ्या जहाजाला याचे फारसे काही वाटत नाही, पण दहा मीटरच्या नौकेची नाळ एका लाटेतून वर येते न येते तोच पुढच्या लाटेत घुसते. लेव्हांते पूर्वेकडून वाहतो आणि मध्यभागाचे पाणी पूर्वेकडे जाते, म्हणजे जोरदार लेव्हांतेच्या दिवशी सामुद्रधुनीच्या मधोमध हा विरोध जवळजवळ कायमचा असतो. तारिफाच्या टोकापाशी आणि त्याच्या पश्चिमेला असलेल्या लोस काबेसोस नावाच्या उथळ खडकाळ भागावर तर पाणी अक्षरशः खळखळत असते. याखेरीज येथे एक विलक्षण प्रकार घडतो: कामारिनालच्या उंबरठ्यावरून भरतीचे पाणी ये-जा करताना वरच्या हलक्या आणि खालच्या जड पाण्याच्या सीमेवर प्रचंड अंतर्गत लाटा उठतात आणि पूर्वेकडे प्रवास करतात. पृष्ठभागावर त्यांची उंची जाणवत नाही, पण वारा नसतानाही शांत समुद्रात खवळलेल्या पाण्याचे लांबच लांब पट्टे अचानक दिसू लागतात. हे पट्टे उपग्रहांच्या छायाचित्रांतही स्पष्ट उमटतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तेथे खडक असावा असा भास होतो.

आता जहाजांकडे वळावे लागते. या सामुद्रधुनीतून वर्षाला एक लाखाच्या आसपास जहाजांची ये-जा होते असे मानले जाते. न्हावा शेवाहून सुएझमार्गे उत्तर युरोपला जाणारी कंटेनरवाहू जहाजे याच वाटेने जातात. उत्तरेला अल्जेसिरास आणि दक्षिणेला २००७ मध्ये सुरू झालेले टँजियर मेड ही दोन मोठी बंदरे समोरासमोर असल्यामुळे लांबीने जाणाऱ्या रहदारीला आडव्या जाणाऱ्या फेरीबोटींची जोड मिळते, आणि त्यांतील काही जलद बोटी तीस नॉटहून अधिक वेगाने धावतात. ही गर्दी आवरण्यासाठी समुद्रावर दोन मार्गिका आखल्या आहेत: पश्चिमेकडे जाणाऱ्या जहाजांनी उत्तरेच्या, म्हणजे स्पेनच्या बाजूच्या मार्गिकेतून जायचे आणि पूर्वेकडे जाणाऱ्यांनी दक्षिणेच्या, मोरोक्कोच्या बाजूच्या मार्गिकेतून. मध्ये दुभाजकासारखा पट्टा मोकळा ठेवलेला असतो. मार्गिका आणि किनारा यांच्यामधल्या भागाला किनारी रहदारीचा पट्टा म्हणतात. वीस मीटरहून लहान नौकांना आणि शिडाच्या सर्व नौकांना तो वापरण्याची मुभा आहे. लांबीने जाणाऱ्या यॉटने याच पट्ट्यात राहावे हे उत्तम, आणि सुदैवाने अनुकूल ओघही तेथेच मिळतो.

समुद्रावरील टकरी टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ मध्ये ठरले आणि १९७७ पासून अमलात आले. त्यांतील एका नियमाविषयी हौशी नाविकांमध्ये मोठा गैरसमज आहे. इंजिनावर चालणाऱ्या जहाजाने शिडावर चालणाऱ्या नौकेला वाट द्यावी, हे सर्वसाधारण तत्त्व खरे आहे. परंतु आखलेल्या मार्गिकेतून जाणाऱ्या जहाजाला शिडाच्या किंवा वीस मीटरहून लहान नौकेने अडथळा करू नये, असे त्याच नियमावलीतील दहावा नियम बजावतो. शिडाला अग्रहक्क आहे या समजुतीवर कंटेनरवाहू जहाजापुढून नौका हाकणे हा नियमाचा भंग तर आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते जहाज इच्छा असूनही फारसे काही करू शकत नाही. सुमारे ४०० मीटर लांबीचे भरलेले जहाज थांबवायला कित्येक किलोमीटर लागतात. शिवाय त्याच्या नाळेपुढचे काही शे मीटर पाणी पुलावरून, म्हणजे जहाज चालवणाऱ्यांच्या कक्षातून, दिसतच नाही. आंतरराष्ट्रीय नियमानुसार हा आंधळा टप्पा जहाजाच्या दोन लांब्या किंवा ५०० मीटर, यांतील जे कमी असेल तेवढा असण्यास परवानगी आहे. तेवढ्या अंतरात छोटी नौका शिरली की त्या जहाजाच्या दृष्टीने ती नाहीशी झालेली असते.

मोरोक्कोकडे जायचे असेल तेव्हा मात्र मार्गिका ओलांडण्यावाचून गत्यंतर नसते. अशा वेळी नौकेचे तोंड मार्गिकेच्या दिशेशी शक्य तितके काटकोनात ठेवावे असे नियम सांगतो. येथे तोंड आणि प्रत्यक्ष वाट यांत फरक करावा लागतो. पाणी तीन नॉटने पूर्वेकडे वाहत असेल आणि नौका पाच नॉटने दक्षिणेकडे तोंड करून चालली असेल, तर तासाभरात ती पाच मैल दक्षिणेला जाते आणि तीन मैल पूर्वेला वाहवत जाते. ही वाहवण भरून काढण्यासाठी तोंड पश्चिमेकडे वळवण्याचा मोह होतो, पण तसे केल्याने मार्गिकेत घालवायचा वेळ वाढतो आणि येणाऱ्या जहाजांना नौकेची पूर्ण बाजू न दिसता तिरपी, फसवी आकृती दिसते. योग्य उपाय म्हणजे वाहवण गृहीत धरून मुळातच पश्चिमेकडे जाऊन ओलांडायला सुरुवात करणे. येथेही निर्णय निघण्यापूर्वीच झालेला असावा लागतो.

प्रत्यक्ष ओलांडताना सगळी भिस्त एका साध्या निरीक्षणावर असते. हातात धरायच्या होकायंत्रातून लांबच्या जहाजाची दिशा मोजायची आणि दोन-तीन मिनिटांनी पुन्हा मोजायची. ती दिशा बदलत गेली तर जहाज पुढून किंवा मागून निघून जाणार. दिशा तीच राहिली आणि जहाज मोठे दिसू लागले तर टक्कर ठरलेली. १८ नॉटने येणारे जहाज मिनिटाला सुमारे ५५५ मीटर कापते. ते सहा मैलांवर असताना धोका ओळखला तर वीस मिनिटे हातात असतात आणि तेवढ्यात पाच नॉटची नौका तीन किलोमीटर इकडे-तिकडे होऊ शकते. ते दोन मैलांवर आल्यावर ओळखला तर सातही मिनिटे उरत नाहीत. म्हणून बदल करायचा तो लवकर, एकदाच आणि ठळक करावा. पाच-पाच अंशांनी चाचपडत वळणाऱ्या नौकेचा हेतू कोणालाच कळत नाही. जहाजाच्या मागून जाणे जवळजवळ नेहमीच शहाणपणाचे असते, आणि वाऱ्यावर विसंबून ओलांडण्यापेक्षा इंजिन चालू ठेवणे बरे, कारण ऐन मार्गिकेत वारा पडला तर नौका जागेवर खिळते.

रात्री हेच काम दिव्यांवरून करावे लागते. मोठ्या जहाजाला दोन पांढरे दिवे असतात, पुढचा खाली आणि मागचा वर. शिवाय डाव्या बाजूला तांबडा आणि उजव्या बाजूला हिरवा. दोन पांढऱ्या दिव्यांतील आडवे अंतर कमी होत गेले तर जहाज वळून रोख आपल्याकडे करत आहे, आणि एक दिवा बरोबर दुसऱ्याच्या वर आला व तांबडा-हिरवा दोन्ही एकदम दिसू लागले, तर ते सरळ अंगावर येत आहे. मात्र मागे अल्जेसिरास किंवा टँजियर मेडच्या झगमगाटाची पार्श्वभूमी असली तर हे दिवे शोधणेच मुश्कील होते, त्यामुळे ज्याला निवड आहे त्याने या भागात दिवसाच जावे.

यंत्रांची मदत अर्थातच घ्यावी. प्रत्येक जहाजाचे नाव, वेग आणि दिशा रेडिओवरून आपोआप कळवणारी एआयएस ही यंत्रणा आता छोट्या नौकांनाही परवडते, आणि ती नुसती ऐकणारी नसून स्वतःची जागा कळवणारीही असावी. तारिफा येथील रहदारी नियंत्रण केंद्र व्हीएचएफ रेडिओच्या १० क्रमांकाच्या चॅनेलवर आणि टँजियरचे केंद्र ६९ क्रमांकावर असते. ३०० टनांवरील जहाजांना तेथे नोंद देणे बंधनकारक आहे. यॉटला तसे बंधन नाही, पण कान तेथे लावून ठेवला तर कोणते जहाज कोठे वळणार हे आधी कळते. धुके पडले तर रडार नसलेल्या नौकेने बंदरातच राहावे, यापलीकडे त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही.

गेल्या काही वर्षांत या यादीत एका अनपेक्षित गोष्टीची भर पडली आहे. २०२० पासून या भागातील ऑर्का, म्हणजे काळ्या-पांढऱ्या रंगाचे, डॉल्फिनच्या कुळातील मोठे शिकारी प्राणी, यॉटच्या सुकाणूला धडका देऊन ते मोडू लागले आहेत. अशा शेकडो घटनांची नोंद झाली असून काही नौका बुडाल्याही आहेत. मे २०२४ मध्ये मोरोक्कोच्या किनाऱ्यावरील स्पार्टेलच्या टोकाजवळ १५ मीटर लांबीची एक यॉट अशीच बुडाली आणि तिच्यावरील दोघांना जवळच्या तेलवाहू जहाजाने वाचवले. वृत्तपत्रांनी याला सूड, बंड अशी नावे दिली, पण अभ्यासकांचा कल हा लहान वयाच्या प्राण्यांचा खेळ असावा असे मानण्याकडे आहे, आणि प्राण्यांच्या वागण्यावर मानवी हेतू लादण्याची घाई पाहता हे मत अधिक संयमी वाटते. आयबेरियन किनाऱ्यालगत राहणारा हा समूह पन्नासच्याही आत असून अतिसंकटग्रस्त मानला जातो, त्यामुळे त्याला इजा करण्याचा प्रश्नच येत नाही. आरंभी नौका थांबवून शिडे उतरवावीत असा सल्ला दिला जाई. आता स्पेनचे अधिकारी इंजिनावर न थांबता उथळ पाण्याकडे निघून जावे असे सांगतात. किनारा धरून जाण्याला त्यामुळे आणखी एक कारण मिळाले आहे.

ऑर्का येथे येतात ते ट्युना माशाच्या मागावर, आणि माणूसही त्याच माशासाठी येथे शतकानुशतके जाळी लावत आला आहे. तारिफाजवळच्या बोलोनिया येथे बाएलो क्लाउदिया या रोमन नगराचे अवशेष असून त्यांत मासे खारवण्याचे दगडी हौद अजून पाहता येतात. वसंतात ट्युना अंडी घालण्यासाठी अटलांटिकमधून भूमध्य समुद्रात शिरतो तेव्हा तारिफा, झाहारा, बार्बाते आणि कोनिल यांच्यासमोर अल्माद्राबा नावाची स्थिर जाळी लावली जातात. नांगरांनी तळाशी जखडलेली आणि बोयांनी तरंगत ठेवलेली ही जाळी किनाऱ्यापासून दूरवर पसरतात. त्यांत अडकलेल्या यॉटचा पंखा आणि सुकाणू दोन्ही निकामी होतात. म्हणजे जो किनारी पट्टा ओघ, जहाजे आणि ऑर्का या तिघांपासून आसरा देतो, त्याच पट्ट्यात वसंत ऋतूत ही अडचण उभी असते, आणि निघण्यापूर्वी त्या वर्षीच्या जाळ्यांच्या जागा नकाशावर उतरवून घ्याव्या लागतात.

वाटेत अंदाज चुकला तर थांबायला जागा फार नाहीत. तारिफाचे बंदर यॉटसाठी नाही, पण गावाला लागून असलेले छोटे बेट एका बांधाने जमिनीला जोडलेले असल्यामुळे लेव्हांते असताना बांधाच्या पश्चिमेला आणि पोनिएंते असताना पूर्वेला नांगर टाकून तग धरता येतो. वारा फिरला की जागा बदलावी लागते आणि लेव्हांतेत नांगर सरकण्याची भीती असते, म्हणून तेथे रात्र काढणाऱ्याने पहारा ठेवावा. त्यापुढची खरी सोय बार्बाते येथे आहे. तेथून पश्चिमेला काही मैलांवर ट्रॅफल्गारचे टोक लागते, ज्याच्यासमोर २१ ऑक्टोबर १८०५ रोजी नेल्सनच्या आरमाराने फ्रेंच-स्पॅनिश आरमाराचा पराभव केला आणि लढाईनंतर उठलेल्या वादळाने जिंकलेली बहुतेक जहाजे विजेत्यांच्या हातून हिरावून नेली. त्या टोकासमोरच्या उथळ वाळूच्या पट्ट्यांवर आजही ओघाविरुद्ध वारा सुटला की पाणी उसळते. शांत हवेत किनाऱ्याला खेटून आतल्या बाजूने जाता येते, एरवी उथळ भाग टाळून बाहेरून मोठा वळसा घ्यावा लागतो. दोन्हींसाठी ओहोटीचे कोष्टक पुन्हा उघडून दुसऱ्या दिवशीची वेळ काढावी लागते.